कच्चे आण्णा आणि राजीखुशीचा कागद

कच्चे आण्णा आवाज चढवायचे ते एकाच शब्दावरून. आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. कस्टडीतल्या कुणाला कोणी चोर म्हटलं की टाक खाली ठेवून म्हणत, "चोर न्हाई. कच्चा हाय तो अजून." कच्चा म्हणजे ज्याचा निकाल लागायचा आहे असा कैदी; शिक्षा झाली की तो पक्का. हे घोकून घोकून आण्णांचं नावच तसं पडलं.

मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो. दुष्काळाची सालं. विहीर तळाला गेलेली, पण मामलेदारसाहेबांच्या बागेला पाणी रोज पाहिजे. ते शेंदायला कच्चे कैदी होतेच की फुकटचे! आण्णा तुरुंगाच्या नियमांचं जुनं पुस्तक काखेत मारून कस्टडीच्या दारात उभे राहत. कच्च्याला घरची भाकरी खाता येते, घरचे कपडे घालता येतात आणि त्याला मजुरीला जुंपता येत नाही, हे शिपायांना ऐकवत. शिपाई हसत. मीही हसलो आहे, सांगायला लाज वाटते.

आण्णांचं तोंड बंद करायला साहेबांनी तोड काढली. 'राजीखुशीने काम करतो' असा कागद मी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली कैद्यांचे अंगठे घेतले. कसली राजी अन् कसली खुशी! नाही म्हणणाऱ्याला शिपाई भाकरी आत येऊ देत नसत.

अंगठा देणाऱ्यांत खर्ड्याकडचा बाळू होता. ऊसतोडीहून परतताना नुसत्या संशयावरून धरलेला. पाणी शेंदताना पाय निसटला आणि तो विहिरीतल्या खडकावर आदळला. कंबर मोडली ती कायमचीच.

आण्णांनी अर्जांवर अर्ज करून चौकशी लावली. साहेबांनी तो कागद पुढे केला. आण्णांनी सगळ्यांसमोर मला एकच विचारलं, "अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवला व्हता का त्याला?"

मी साहेबांकडे पाहिलं आणि हो म्हणालो. साफ खोटं. चौकशी तिथंच मिटली, बाळूला दमडीची भरपाई मिळाली नाही.

दोन महिन्यांनी तो निर्दोष सुटला. आण्णांनी आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याला उचलून बैलगाडीत निजवलं. मी मदतीला पुढे झालो, तर आण्णांनी माझा हात बाजूला केला.

"कच्चा व्हता तो," ते म्हणाले. "पक्का तू केलास."

पुढे नोकरीभर वाचून दाखवल्याशिवाय मी एकही अंगठा घेतला नाही. बाळूला त्याचा काय उपयोग?