मीठ हातावर देत नाहीत

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मोठ्या मावशीचं नाव मामीच्या खाली छापलं गेलं आणि आई नि मावशी, सख्ख्या बहिणी, बारा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. पत्रिकेचं प्रूफ मी वाचलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलणी आईने खाल्ली आणि मी साळसूदपणे गप्प राहिले. त्याची मला लाज वाटायची.

पनवेलला एसटी स्टँडजवळच्या सभागृहात राष्ट्रपित्यांच्या आयुष्यावरचं फिरतं संग्रहालय आलं, तेव्हा मला वाटलं, समेटासाठी याहून बरी जागा कुठली मिळणार? करंजाड्याहून आईला मी रिक्षाने नेलं. द्रोणागिरीहून मावशीला तिच्या मुलाने आणून सोडलं. दोघींना थाप एकच मारली होती, की दुसरी येणार नाही. दारात गाठ पडली तेव्हा दोघींनी मिळून माझ्याकडे रागाने पाहिलं. एवढं एकमत मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

आत सगळं हात लावून बघायचं होतं. एक अहिंसेचं यंत्र होतं. दांडा धरला की ते मनातला राग मोजायचं. आईचा दिवा हिरवा लागला, मावशीचाही हिरवा. माझा लाल लागला आणि एक गोड आवाज मला दीर्घ श्वास घ्या म्हणू लागला. मी त्याला चार शब्द सुनावले, तर तो दिवा लुकलुकायलाच लागला.

पुढे मिठाची खोली. परातीत मीठ, जमिनीवर समोरासमोर पावलांच्या दोन जोड्या रंगवलेल्या. एकाने मूठभर मीठ उचलायचं, दुसऱ्याच्या ओंजळीत घालायचं. कॅमेऱ्याला ते दिसलं की भिंत सरकणार आणि समुद्र दिसणार. खादीचं जाकीट घातलेल्या मार्गदर्शकांनी आईला एका जोडीवर उभं केलं, मावशीला दुसरीवर.

दोघींचं लहानपण मिठागरात गेलेलं. आईने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. समोरून मावशी हवेत बघत म्हणाली, "पावडर हाय ती." आईने मान डोलावली. मी देवाचं नाव घेतलं.

पण आई मीठ देईना. मीठ हातावर दिलं की भांडण होतं, हे तिचं म्हणणं. मार्गदर्शकांनी समजावलं की आजी, हे शांततेचं मीठ आहे. आई ढिम्म. मागे रांग तुंबली. मी मागच्या बाईंना म्हटलं, तुम्ही तरी दाखवा करून. त्यांनी हात पदराखाली घेतले. त्यांच्या मागच्या जोडप्यानेही नकार दिला. अख्ख्या रांगेत मीठ द्यायला एक माणूस तयार होईना, घ्यायलाही नाही. शेवटी मी वैतागून मार्गदर्शकांपुढेच ओंजळ धरली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"माझी बायको इथेच तिकीट खिडकीवर बसते," ते हळूच म्हणाले. "घरी तिच्याशी भांडण नको."

मग माझा तोल गेला. मी आईला म्हटलं, बारा वर्षं तुम्ही बोलत नाही, आता आणखी कसलं भांडण व्हायचं राहिलंय?

आई माझ्याकडे न बघता मावशीकडे बघत राहिली. "तुझ्या लग्नात घाईघाईत मीच हिच्या हातावर मीठ दिलेलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी सगळं झालं. परत नाय देणार."

 मावशीने कमरेची मिश्रीची डबी काढली, झाकण फडक्याने पुसलं आणि दोघींच्या मधे जमिनीवर ठेवलं.

"यात टाक. मी उचलते."

आईने झाकणात मीठ टाकलं. मावशी गुडघ्यावर हात देऊन वाकली, मीठ उचललं आणि पदराला गाठ मारली. 'हात दिसले नाहीत,' तो गोड आवाज म्हणाला, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' भिंत काही सरकली नाही. दोघी तिथेच रंगवलेल्या पावलांवर फतकल मारून बसल्या आणि बोलायला लागल्या. रांगेतली माणसं त्यांना वळसा घालून आल्या दारानेच बाहेर पडू लागली.

मला राहवलं नाही. मी दोघींपुढे बसले आणि प्रूफाचं सगळं सांगून टाकलं. आई बघतच राहिली. मावशीने पदराची गाठ पुन्हा घट्ट केली.

"म्हायती हाय. छापणाऱ्यानेच सांगितलेलं, तेव्हाच," ती म्हणाली. "पण तू नवी नवरी, सासरी निघालेली. तुझ्याशी कशी भांडणार, पोरी?"