कुलपातली लॅब

मारेगावहून एसटीनं जाऊन मी गणितात बी.एस्सी. केलं. कॉलेजात कम्प्युटर लॅब होती, पण कायम कुलपात. "बिघडले तं जबाबदार कोण राहीन?" सर विचारायचे. प्रॅक्टिकलचे प्रोग्राम आम्ही वहीतच लिहायचो आणि त्यांची उत्तरंही सीनियरच्या वहीतून उतरवायचो. त्यातलं एक उत्तर चुकलेलं होतं. मी हातानं सगळ्या पायऱ्या करून बरोबर आकडा लिहिला, तर माझेच मार्क कापले! त्या संतापात प्रोग्राममधल्या चुका शोधायचा नाद लागला. आज त्यावरच कम्प्युटरमध्ये पीएच.डी. करते आहे.

परवा त्याच सरांनी कॉलेजात माझा सत्कार ठेवला. भाषणात म्हणाले, "आपल्या लॅबनंच या पोरीले घडवलं." येताना मी पाहिलं होतं, लॅबला कुलूप तसंच होतं.

मी उठले. म्हटलं, "सर, शाल राहू द्या. लॅबची चाबी द्या."