कडेनेच शिवलेल्या सहा गोधड्या

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही शहाद्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो, आता ती धडगावला मुलींचं एक छोटं वसतिगृह सांभाळते. सहज सांगत होती, की या वर्षी अठरा मुली नवीन आल्यात, वर डोंगरात थंडी सुरू झालीय आणि पांघरुणं पुरत नाहीयेत. बस, तेवढंच. तिने काही मागितलं पण नव्हतं. आणि मी म्हणून मोकळी, "अठरा गोधड्या देते! पंधरा दिवसांत!"

फोन ठेवला आणि लगेच स्टेटस टाकलं. मी अशीच आहे. तोंडातून गोष्ट निघाली की ती झाली असंच मला वाटतं.

तसा माझा हिशोब अगदीच हवेतला नव्हता. म्हसावदला आमचा नेहमीचा शिंपी आहे, त्याच्या दुकानामागे कातरणाची पोती नुसती पडलेली असतात. ब्लाऊजचे तुकडे, गणवेशाचे तुकडे, पडद्याच्या पट्ट्या. मी विचारलं तर म्हणाला, "घेऊन जा, मला तरी जागा होईल." तीन पोती स्कूटीवर दोन खेपा मारून घरी आणली. ओट्यावर ओतली. एवढे रंग! मी तर त्यात हात घालून बसले होते.

आई शेतातून आली, डोक्यावरचं ओझं उतरवलं, ओट्याकडे बघितलं.

"हाई काय शे?"

"गोधड्या. अठरा. पंधरा दिवसमा."

आई हसली नाही, हेच वाईट होतं. म्हणाली, "गोधड्या आखाजीले शिवतस. आते कोण रिकामं शे?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापूस! कापसाची वेचणी सुरू होती. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मुलगी, आणि मला हे आठवू नये? आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यात होतात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, शेतं रिकामी असताना. चार बाया अंगणात चार बाजूंनी बसतात, कडक ऊन असतं, गप्पा असतात. वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली असतात. त्या बोटांत सुई कोण धरणार? गावात मी अकरा घरं फिरले. सगळ्यांनी चहा दिला. सुई कोणीच धरली नाही.

फक्त शेजारची काकू आली. काकूची स्वतःची वेचणी अर्धी बाकी होती, माणसं मिळत नव्हती, तरी रोज जेवणं झाल्यावर तासभर यायची. काकूचा टाका म्हणजे तांदळाचा दाणा. खाली जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे, वर कातरण नीट पसरायचं, त्यावर जोडलेल्या तुकड्यांचा वरचा पदर, आणि मग कडेपासून आत आत दोरा घालत जायचा, सगळ्या थरांतून आरपार. एक ओळ झाली की बोटभर सोडून दुसरी. मला वाटायचं, अगं पुरे आता, दिसतेय ना छान! मी भराभर लांब लांब टाके घालायचे. काकूने एकदा माझी ओळ बघितली.

"या टाका शेत का एसटीना थांबा? एक आठे, एक तठे!"

आणि सगळी ओळ उसवली. मला रडूच आलं होतं, पण हसू पण आलं.

असं करत करत आई, काकू आणि मी मिळून बारा झाल्या. राहिल्या सहा, आणि दिवस राहिले तीन. माझा मामेभाऊ पिकअप घेऊन धडगावला छपराचे पत्रे पोचवायला जाणार होता, गोधड्या त्याच गाडीत जायच्या होत्या. मी मैत्रिणीला दिवसातून चारदा मेसेज करत होते, आल्याच समज, आल्याच समज. नेमकी त्या तीन दिवसांत काकू आलीच नाही, तिच्या कापसाला पावसाची भीती होती.

मग मी मशीन काढलं.

जाड थरांवर मशीन चालतच नाही. एक सुई तुटली. दुसरी तुटली. तिसऱ्या वेळी मी एक युक्ती केली. खालचा पदर आणि वरचा पदर तीन बाजूंनी शिवला, पिशवीसारखा. आत कातरण कोंबलं, हाताने थोपटून सपाट केलं, चौथी बाजू बंद केली. झालं! मधून एक टाका नाही. दोन दुपारांत सहाच्या सहा. आणि खरं सांगू? फोटोत त्याच सगळ्यात छान दिसत होत्या. टम्म फुगलेल्या, कुठे सुरकुती नाही.

गाडीत त्या मी स्वतः ठेवल्या, सगळ्यात खाली. काकू तेवढ्यात शेतात निघाली होती, तिने रस्त्यातूनच विचारलं, "व्हयन्यात का सगळ्या?"

"व्हयन्यात," मी म्हणाले.

तिथून जे माझं सुरू झालं! मैत्रिणीने फोटो पाठवला, अठरा मुली ओळीत, प्रत्येकीच्या हातात घडी. स्टेटसवर लोकांनी काय काय लिहिलं. आणि मला जेवण जाईना. मी दर दहा मिनिटांनी फोन बघायचे. मशीनच्या खोलीत जायचे, परत यायचे. मला माहीत होतं ना काय होणार ते. गुळगुळीत ब्लाऊजचं कातरण, कशालाच अडकलेलं नाही. एकदा कूस बदलली की सगळं पायाशी. वर उरणार दोन पातळ कापडं, आणि वर धडगावची थंडी.

पाचव्या दिवशी मेसेज आला. "एक विचारू का? काही गोधड्यांतल्या चिंध्या एका बाजूला जातात. मुली उठून झटकून घेतात. असंच असतं का?"

असंच असतं का! ती आम्हालाच विचारत होती, कारण आम्ही गोधड्यावाले. चप्पल घातली आणि सरळ काकूच्या शेतात गेले. ती ओळीत वाकून वेचत होती, कमरेला झोळी. मी तिच्या बाजूला वेचायला लागले आणि वेचता वेचता सगळं सांगून टाकलं, तिच्याकडे न बघता.

काकूचे हात थांबले नाहीत. ओळ संपेपर्यंत ती वेचतच राहिली. मग झोळी रिकामी केली आणि म्हणाली, "म्हणजे तू पोरीस्ले पिशव्या दिध्यात."

"हो."

"अन् माले सांगं, व्हयन्यात."

"हो."

"सकायले जाऊत."

"काकू, पन तुन्हा कापूस..."

"कापूस मन्हा शे. पोरी थंडीमा शेत. चाल, वेच आते, बोलू नको."

काकू आयुष्यात कधी तो घाट चढली नव्हती. सकाळी म्हसावदहून जीपमध्ये बसलो, तर तिने पदरातून लिंबू काढलं आणि नाकाला लावलं ते धडगाव येईपर्यंत. डोळे मिटलेले. मी मात्र सारखी पुढे बघत होते, वळण आलं की पुढचं वळण. एकदाच काकूने डोळा उघडला.

"तुन्हा पाय काबर हाली ऱ्हायना? गाडी तू चालाडी ऱ्हायनी का?"

माझा बेत असा होता, की सहाही गोधड्या घेऊन खाली यायचं, घरी नीट शिवायच्या, आठवड्यात परत पाठवायच्या. वसतिगृह जीपच्या थांब्याला लागूनच आहे. उतरताना काकूने ड्रायव्हरला सांगून ठेवलं, शेवटच्या खेपेला आमच्या दोन सीट ठेव. रविवार होता, मुली होत्याच. मैत्रिणीने सहा जणींना बोलावलं. पाच जणींनी घड्या आणून ठेवल्या. सहावी, पाचवीतली असेल, तिने आणलीच नाही. आत जाऊन बघितलं तर ती गोधडीवर मांडी घालून बसली होती.

मी म्हणाले, "अगं, मी ही मधून शिवलीच नाही. मला घाई झाली होती. आता नेते आणि नीट शिवून पाठवते."

"कधी?"

"आठ दिवसांत."

ती विचार करत होती. "आज काय पांघरू?"

आठ दिवस म्हणताना मला आठ रात्री दिसल्याच नव्हत्या. मागून काकू म्हणाली, "बरोबर बोली ऱ्हायनी ती. सुई काढ."

म्हणजे आता सहाही गोधड्या इथेच, आजच. आणि खाली जाणारी शेवटची जीप चार-साडेचारला. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

व्हरांड्यात एकेक अंथरली. मी कडा उसवत गेले, काकू आतलं कातरण परत सारखं करत गेली, एक गुळगुळीत तुकडा की त्यावर एक सुती, म्हणजे सरकायला नको. मोठ्या मुलींना टाका येत होता, त्या बसल्या, मैत्रीण बसली. कोपऱ्यांवर दगड. पहिलीला सव्वा तास गेला. मी सारखी घड्याळ बघत होते आणि चुकून तांदळासारखे बारीक टाके घालत होते, कारण काकू समोर होती.

काकू ओरडली, "आते एसटीना थांबाच टाक! लांब टाक, पन खालपावत जाऊ दे."

मैत्रिणीला कळेना आम्ही का हसतोय.

चार वाजता चार झाल्या होत्या. पाचवी संपत आली होती, आणि बाहेरून आवाज सुरू झाला. "म्हसावद, शहादा! दोन सीट बाकी! दोन सीट बाकी!" मी उठले, बसले. दोन सीट म्हणजे आम्हीच. त्या भरल्याशिवाय तो निघणार नाही, हे मला माहीत होतं, आणि आत दहा माणसं खोळंबलीत हे पण. पाच मिनिटांनी परत, "दोन सीट बाकी!" माझा दोरा सुईत जाईना.

शेवटी ड्रायव्हर फाटकाशी आला. "काकू, चालनं ना वं. लोके मन्हावर चिडी ऱ्हायनात."

काकूने मान वर केली नाही. "दोन सीट बाकी शेत ना तुन्ह्या?"

"हां."

"मंग तू कोठे जास? बठ जराखं."

तो बसला नाही, पण गेला पण नाही. त्याच्या मागे जीपमधल्या दोन बाया उतरून आल्या होत्या, काय चाललंय ते बघायला. डोंगरातल्या पावरा समाजाच्या बाया, हातात बोचकी, वेचणीच्या कामाला खाली निघालेल्या. एकीने माझी बाजू बघितली आणि सरळ माझ्या हातातून सुई घेतली. दुसरी समोर बसली. त्यांच्या बोलीत मुलींना काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

"काय म्हणाली?" मी मैत्रिणीला विचारलं.

"म्हणते, ही कापड शिवतेय की कापडाला घाबरतेय?"

आता सहावी राहिली, त्या लहान मुलीची. ती स्वतः घेऊन आली, पण एक हात तिने गोधडीवरून उचललाच नाही. चार बाजूंनी बाया, मध्ये तिचा हात, आम्ही हाताला वळसा घालून टाके घालत होतो. काकूने टाके घालता घालता त्या दोघींना विचारलं, वेचणीला कोणाकडे चाललात? ठरलं नाही, म्हणाल्या, शहाद्याला उतरून बघू. काकूचे डोळे असे चमकले! "मन्हाकडे या. शहादाना पहिले म्हसावदले उतराले लागस. ऱ्हावाले ओटा शे, भाकर मी देसू." मी इकडे घामाघूम आणि काकू तिकडे माणसं जमवतेय. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि हो म्हणाल्या.

हॉर्न वाजला. परत वाजला. शेवटचा कोपरा माझा होता, मी तो मांडीवर ओढून घेतला होता. एक टाका, दुसरा, गाठ! दोरा दाताने तोडला आणि ताडकन उठले.

माझ्याबरोबर गोधडी पण उठली.

माझा कुर्ता! दिवाळीचा पिवळा कुर्ता, जो मी एवढ्या धावपळीत पण मुद्दाम घालून आले होते. त्याची पुढची कड मी गोधडीतच शिवून टाकली होती, चांगली वीतभर. मुली तर लोळायच्या बाकी होत्या. ड्रायव्हर पण हसला. मी घाईघाईने टाके उसवायला गेले आणि काकूने हातावर फटका मारला.

"टाका तोडू नको! कुर्ता काप!"

"काकू, नवा शे!"

"मंग? गोधडी बी नवीच शे."

त्या लहान मुलीने कात्री आणली, कोणी सांगायच्या आत. काकूने शिवणीच्या कडेकडेने कुर्ता कापला. गोधडीच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा पिवळा तुकडा राहिला.

मुलीने तो बोटाने दाबून बघितला. ओढून बघितला. निघाला नाही.

"हा पण परत नेणार?"

"नाही."

तिने गोधडी घडी केली आणि आत घेऊन गेली. आमच्याकडे वळून पण बघितलं नाही.

जीपमध्ये लोक आम्हाला खूप बोलले, ते बरोबरच होतं. मी ओढणी पुढे घेऊन भोक झाकून बसले. त्या दोघी मागच्या बाकावर, बोचकी मांडीवर घेऊन. काकूने लिंबू काढलं, डोळे मिटले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मला एकदम आठवलं.

"काकू! तिसरी गोधडीनी गाठ? शेवटली गाठ मी मारी का नही?"

काकूने डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, जोरात, पाय दाबून धरल्यासारखा.

"मी मारेल शे. आते तरी गाडी त्याले चालाडू दे."