बुडालेल्या बोटीतली प्लेट

“बाई, आईसमोर फक्त ‘खरी आहे’ एवढंच म्हणा. बाकी तुमचं शास्त्र मला नंतर सांगा.”

दाऊदभाईंनी मला रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या त्यांच्या घराच्या दारातच गाठलं. मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. निकाल आधी ठरवून मग तपासायला बोलावणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. मी तसं तोंडावर सांगितलं. ते ओशाळले, पण हट्ट सोडला नाही.

मी मुंबईच्या एका म्युझियममध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा विभाग सांभाळायचे. निवृत्त होऊन रत्नागिरीला परत आले, तेव्हा वाटलं सुटले एकदाची. कसलं काय! हल्ली जुनी भांडी फोनवर विकली जातात. पार्सल उघडलं की लोकांना शंका येते, मग ते माझा नंबर शोधतात.

दाऊदभाईंचं प्रकरण मात्र वेगळं होतं. त्यांची आई खैरूनबी ऐंशीच्या पुढच्या. त्या लहान असताना त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते. बोट मलाक्काकडे बुडाली. देह मिळाला नाही, कपडा मिळाला नाही, घरात साधा फोटोही नव्हता. आणि आता एका ऑनलाइन विक्रेत्याने दाऊदभाईंना निळ्या नक्षीची जुनी चिनी प्लेट विकली होती. म्हणे, त्याच बोटीतून वर काढलेली. खरी निघाली, तर बापाच्या बोटीतली एक तरी वस्तू म्हातारीच्या हाती लागणार होती. परत करायला मुदत सात दिवसांची. त्यातले तीन उरले होते. आणि या शहाण्याने आईला आधीच सांगून टाकलं होतं.

खैरूनबी पलंगावर तसबीहचे मणी ओढत बसल्या होत्या. प्लेट कपाटात बंद. बाईंनी तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, फुटेल, असा मुलाचा हुकूम होता.

मी टेबलावर टॉवेल पसरून प्लेट उपडी ठेवली. बुडाला सहा चिनी अक्षरं, आणि त्यांच्या भोवती चुना-वाळूच्या थरात रुतलेले पाच शिंपले. दाऊदभाईंनी आधी अक्षरांवरच बोट ठेवलं. “हे बघा, बादशहाचं नाव! म्हणजे अस्सलच ना?”

“त्यावर जाऊ नका,” मी म्हटलं. “नंतरचे कारागीरसुद्धा जुन्या बादशहाचं नाव घालायचे. कधी आदराने, कधी गिऱ्हाइकासाठी.”

आमच्या कामात नावापेक्षा बुडाची कडा बोलते. तिच्यावर ग्लेज, म्हणजे मातीवरचा काचेसारखा थर, नसतो. वर्षानुवर्षं फळीवर सरकवून ती झिजते, कुठे कमी कुठे जास्त. नकली माल करणारे ती पॉलिश पेपरने घासतात, मग झीज सगळीकडे सारखी दिसते. इथे झीज वेडीवाकडी होती. चांगलं लक्षण. मग मी सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं. ग्लेजवर बारीक ओरखडे होते, वाटेल त्या दिशेने गेलेले. जेवणाऱ्यांच्या हातचे. प्लेट शंभर-सव्वाशे वर्षांची असणार, असं माझं मन म्हणू लागलं.

आणि तिथेच माझी गाडी रुतली. बोटीत माल म्हणून चढलेल्या प्लेटवर जेवल्याचे ओरखडे कुठून आले? बरं, ती खलाशांच्या रोजच्या जेवणातली होती असं धरलं, तर इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात पडून ग्लेजची चमक जायला हवी. काच समुद्रात पडली की धुरकट होते, तसं. ही तर लखलखत होती! पुढची बाजू सांगत होती की मी स्वयंपाकघरात नांदले. मागचे शिंपले सांगत होते की मी समुद्रात होते.

“काय झालं, बाई?” दाऊदभाई.

“मला कळत नाहीये.”

“तुम्हालाच?”

“हो, मलाच. ओरडू नका.”

फोटो काढून घरी आले. दोन दिवस डोक्याचा भुगा. पहिला रिपोर्ट लिहिला, ‘अस्सल’. फाडला. दुसरा लिहिला, ‘नकली’. तोही फाडला, कारण तसलं बूड आजकाल कोणाला घासून करता येत नाही, हे मी पैजेवर सांगेन. तिसऱ्यात लिहिलं, ‘अधिक तपासणी आवश्यक’. आमच्या ऑफिसात या वाक्याचा अर्थ एकच असे, साहेबांना काही सुचलेलं नाही. नंतर नंतर तर मला माझीच शंका येऊ लागली. इतकी वर्षं मी म्युझियममध्ये लोकांना काय काय अस्सल म्हणून सांगत आले, कोण जाणे!

शेवटच्या दिवशी पुन्हा राजिवड्यात गेले. प्लेट टेबलावर ठेवली. मी काही बोलायच्या आत खैरूनबी काठी टेकत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

“अम्मी, हात नको!” दाऊदभाई.

“गप रे मेल्या. माझ्या बापाची वस्तू, आणि मी हात नाय लावायचा?”

त्यांनी प्लेट मांडीवर घेतली. पुढून कुरवाळली. उलटी केली. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपत होत्या. एका शिंपल्यावर बोट थांबलं. मग दुसऱ्यावर. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“बाय, ह्या तिसऱ्या गो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? तिसऱ्या! ओहोटीला भाट्याच्या खाडीत पाय घालून काढतो त्या. वाळूत पुरून राहतात. त्या कशाला कधी चिकटत नाय. चिकटतात ती कालवं. ती कोयत्याने फोडायला लागतात.”

आमच्या घरात सात पिढ्यांत मासा शिरलेला नाही. जन्म रत्नागिरीचा, खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिसरी कुठली अन् कालव कुठलं याचा मला पत्ता नाही! शिंपला दिसला की समुद्र, एवढंच माझं ज्ञान. दाऊदभाईंनी मात्र मान खाली घातली. ते दर आठवड्याला तिसऱ्यांचं कालवण ओरपतात.

पर्समधून यूव्ही टॉर्च काढला. त्याच्या जांभळ्या उजेडात गोंद पांढुरका चमकतो. तुटलेली भांडी सांधली आहेत का, हे आम्ही त्याने बघतो. पहिल्या दिवशी मी तो प्लेटभर फिरवला होता, शिंपल्यांच्या कडांवर नाही. आता फिरवला. पाचही शिंपल्यांभोवती गोंदाची गोल रेघ. सुरीच्या टोकाने एक उचकटला. आतून पिवळा.

खैरूनबींनी तो नाकाशी नेला. “हळद,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी खाऊन चिकटवलाय.”

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली, कारण त्यांचे डोळे भरले होते.

मी दाऊदभाईंना विक्रेत्याशी झालेलं चॅट उघडायला लावलं. सुरुवातीला तो फक्त ‘जुनी चिनी प्लेट’ म्हणत होता. फोटोही पुढच्याच बाजूचा. आजोबांची, बोटीची, मलाक्काची हकीकत दाऊदभाईंनीच तीन लांबलचक मेसेजमध्ये लिहिली होती. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं होतं, ‘योगायोग बघा सर, प्लेट तिथलीच आहे.’

“पण प्लेट तर जुनीच आहे ना?” दाऊदभाई काकुळतीला आले. “तुम्हीच म्हणालात!”

“जुनी आहे. चांगली आहे. किंमतही वाजवी आहे. बोटीतली नाही.”

“मग ठेवू या ना, अम्मी?”

खैरूनबींनी प्लेट टॉवेलवर ठेवली. “परत कर. बापाचं काय नाय, हे मी जन्मभर सोसलं. आता लोकाची वस्तू भिंतीला लावून त्याला बाप म्हणू?”

दाऊदभाई लहान मुलासारखे रडले. म्हातारी त्यांची पाठ थोपटत राहिली. मी रिपोर्टचे कागद पर्समध्ये कोंबले आणि दिलेला चहा प्यायले.

विक्रेत्याने कुरकुर न करता प्लेट परत घेतली. पंधरा दिवसांनी पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एक लिंक पाठवली. फोटोतली प्लेट मी लगेच ओळखली. शिंपले गायब, बूड स्वच्छ धुतलेलं. खाली लिहिलं होतं, ‘रत्नागिरीच्या खलाशी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. वारसांकडून थेट.’

“घेऊ का? अस्सल आहे का?” गृहस्थांनी विचारलं होतं.

मी पाच वेळा उत्तर टाइप केलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, ‘प्लेट अस्सल आहे. विक्रेत्याला तुमच्या आजोबांबद्दल काही सांगू नका.’