पाटल्यांमधला 'ग'

दागिने उजळायच्या रिठ्याच्या पाण्याचा वास आला की मला चौकातलं ते सराफाचं दुकान आठवतं, आणि तिथे ऐटीत बसलेली मी. हॉलमार्क हा शब्द तेव्हा नवा होता, आणि आमच्या साऱ्या अवधपुरी कॉलनीत तो फक्त मलाच कळलाय अशी माझी समजूत होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी माहेरच्या पाटल्या नुसत्या उजळून आणायला दिल्या होत्या. आतल्या बाजूला झिजलेला एक 'ग' होता, शुद्धतेचा शिक्का मात्र नव्हता. सराफ भिंगातून बघून म्हणाला, "भाभीजी, ये बनानेवाले का निशान है. सोच लीजिए." विचार करायला डोकं लागतं, ते कुठे होतं! मी म्हणाले, "गला दो, हॉलमार्कवाले बना दो." आठवड्याने नव्या चकचकीत पाटल्या मी दिमाखात त्यांच्या हातात ठेवल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्या आतून नख फिरवत राहिल्या. "शिक्का आहे हो आई, चांगला सरकारी!" मी म्हणाले. "हा सरकारचा गं. माझ्या बाबांचा कुठाय?" त्यांचे वडील उज्जैनला सोनार होते हे मला ठाऊक होतं, पाटल्या कुणी घडवल्या, एवढं विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाटल्या मला परत दिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. आता नात विचारते, "आजी, या पणजीच्या ना?" मी हो म्हणते, आणि तिने आत बघायच्या आधी डबी बंद करते.