वीस पौंडांची टाकी

लाइल वेंडॉर्फने एकतीस वर्षं विस्कॉन्सिनातल्या एका कागदगिरणीत वजनकाट्यावर काढली. निवृत्त झाला तरी काटा काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. एकदा आकडा मांडला की प्रत्यक्ष देव खाली आला तरी खोडायचा नाही.

शेजारच्या गल्लीत त्याचा मित्र राहायचा, नॉर्ब कील, धंद्याने प्लंबर. एकोणीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी दोघं नॉर्बच्या गराजसमोर बिअर बनवायचे. बाहेरची मोठी शेगडी, गॅसची टाकी, वर जवाच्या गोड पाण्याचं पातेलं. ते तासभर खळखळून उकळायचं, मग कडू फुलं टाकायची. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, टाकीत गॅस किती उरलाय.

नॉर्ब टाकीच्या अंगावरून तांब्याभर गरम पाणी ओतायचा आणि तळवा खाली खाली सरकवायचा. जिथे गार लागलं तिथवर गॅस. लाइलला हे बघवत नसे. तो आपला अंगवजनाचा काटा घरून उचलून आणायचा. टाकीच्या गळ्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, सतरा पौंड. काट्याच्या आकड्यातून ते वजा केलं की उरला तो गॅस. शांत दिवशी एका पातेल्याला किती लागतो, वाऱ्याच्या दिवशी किती, सगळं वहीत.

"अरे, हाताला कळतं ते तुझ्या काट्याला काय कळणार?" नॉर्ब म्हणायचा.

"तुझ्या हाताला ग्लास तेवढा कळतो, लेका."

असं चाललं होतं. मग नॉर्बच्या मुलीचं, ट्रेसाचं, लग्न ठरलं जूनमध्ये. लग्नात बिअर घरचीच, असं नॉर्बने व्याह्यांना छाती पुढे काढून सांगितलं. एप्रिलात दोघांनी चर्चमधलं जेवणावळीचं मोठं पातेलं आणलं. लाइलने हिशेब केला. थंडी, वारा सगळं धरून सोळा पौंड. टाकीत वीस. चार वरच.

"एक जास्तीची टाकी आणून ठेवू या," नॉर्ब म्हणाला. "एकुलत्या एक पोरीचं लग्न आहे."

"वहीत सोळा म्हणजे सोळा."

एरवी ते टाकी शेतकरी संघाच्या दुकानात भरून घेत. तिथला माणूस काठोकाठ वीस पौंड भरायचा. या वेळी संघ बंद होता, म्हणून लाइलने एका दुकानाबाहेरच्या जाळीतून रिकामी देऊन भरलेली टाकी बदलून आणली. आणि जन्मभर सगळ्या जगाचं वजन करणाऱ्या या माणसाने तेवढ्या एका टाकीचं वजन केलं नाही. नवी आहे, भरलेलीच असणार, त्यात काय बघायचं.

बिअर बनवायच्या दिवशी बर्फ पडू लागलं. पातेल्याला नुकती उकळी फुटली होती. नॉर्बने गरम पाणी ओतलं, हात फिरवला आणि थेट बुडापाशी थांबला.

"लाइल, संपत आलाय."

"झालं तुझं हस्तसामुद्रिक सुरू. अजून सात पौंड आहे."

अर्ध्या तासात शेगडी विझली. रस्ते बर्फाने बंद झालेले, दुसरी टाकी आणायची कुठून? अर्धवट उकळलेलंच पिंपात भरलं आणि नशिबावर सोडलं.

नशिबाने काही हात दिला नाही. लग्नात पिंपं फोडली तर अर्धवट उकळलेल्या त्या बिअरला शिजलेल्या कोबीचा वास. लोकांनी एकेक घोट घेऊन ग्लास टेबलांवर तसेच ठेवले. व्याही हसले. आणि लाइलने चारचौघांत सगळं खापर नॉर्बवर फोडलं. "याने टाकीची चावी नीट बसवली नाही. गॅस निघून गेला. आणि म्हणे प्लंबर."

नॉर्ब मुलीचा हात धरून नाचायला गेला. शनिवार मात्र त्या दिवसापासून बंद झाले.

जुलैत लाइल आपल्या घरच्या शेगडीची टाकी बदलायला त्याच दुकानात गेला. जाळीपाशी उभा असताना टाकीवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं त्याने वाचली. आत पंधरा पौंड. बदलून मिळणाऱ्या टाकीत पंधराच भरतात. म्हणजे एप्रिलातही पंधराच होते.

त्याच संध्याकाळी तो नॉर्बकडे गेला. पाऊण तास हवापाणी आणि हरणांच्या शिकारीवर बोलला आणि ताकाला जाऊन भांडं लपवून परत आला. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हणाला. मग नाताळात. चूक कबूल करायला लागणारं वाक्य केवढं, तीन शब्दांचं. सहा वर्षं गेली. फेब्रुवारीत नॉर्बचं हृदय बंद पडलं.

मे महिन्यात नॉर्बच्या बायकोचा, डोरीनचा, फोन आला. "गराज रिकामं करतेय. तुझी टाकी घेऊन जा."

"माझी कुठली टाकी?"

"तो म्हणायचा ती लाइलची. मांस भाजायलासुद्धा हात लावू देत नव्हता कुणाला."

कोपऱ्यात तीच टाकी होती, वेष्टनासकट. पंधराच्या आकड्याभोवती सुताराच्या जाड पेन्सिलीने गोल केलेला. चावीला संघाची कागदी चिठ्ठी बांधलेली आणि तोंडाचं सील न फोडलेलं. चिठ्ठीवर भरल्याची तारीख होती. लग्नानंतरचा सोमवार.

म्हणजे नॉर्बला जुलैच्या आधीच कळलं होतं.

लाइलने गाडीतून काटा आणला आणि टाकी वर ठेवली. सदतीस. सतरा वजा करायलासुद्धा त्याला वेळ लागला.

"डोरीन," तो म्हणाला, "चावी नीट होती. चूक माझी होती."

"ठाऊक आहे रे. त्याने मला त्याच सोमवारी सांगितलं."

"मग मला का नाही बोलला?"

डोरीनने झाडू भिंतीला टेकवला. "मी म्हटलं होतं, जा, दाखव त्याला. तर म्हणाला, त्याचं त्याला कळू दे, येईल तो शनिवारी. आणि टाकी भरून ठेवली त्याने." तिने टाकीवरची धूळ पुसली. "पहिलं वर्षभर दर शनिवारी पातेलं घासून बाहेर मांडायचा."

लाइलने टाकी काट्यावरून उतरवली नाही. डोरीन आत गेली तरी तो त्या आकड्यासमोर तसाच उभा होता.