साखर उतरली की सर इंग्रजी बोलतात

मधुमेह माझ्या सोबतीला आला त्याला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात किस्से साठणारच. पण यातले बहुतेक मला आठवतच नाहीत. माझेच किस्से मला दुसऱ्यांनी सांगितलेत!

पूर्वी साखर उतरायला लागली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, आपलं आपल्याला कळायचं. मग ते हळूहळू बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "तुमचा अलार्म गेलाय, सर. आता आजूबाजूच्या माणसांनाच अलार्म करा."

माझी माणसं म्हणजे पोलादपूरच्या आमच्या हायस्कूलचा स्टाफ, आणि महाडला घरी माझी बायको सुनंदा.

*

आठवीला प्रमेय शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं. मग त्याच्याखाली तेच पुन्हा लिहिलं. फळा भरला तसा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून तेच! मुलं बिचारी मुकाट्यानं उतरवून घेत होती. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, ह्ये सगळं परीक्षेला हाय का?"

"यस! एव्हरी वर्ड!" म्हणालो म्हणे, आणि टेबलाला टेकून खालीच बसलो. आमच्या शिपाई सुलभाताई धावत आल्या आणि साखरपाणी पाजलं.

*

वीर स्टेशनवर उतरून रिक्षा केली. पत्ता नीट सांगितला, पण महाड येईपर्यंत जीभ जड झाली. रिक्षावाल्यानं मला धरून दारात आणलं.

"वयनी, सरांना आणलाय. जरा जास्त झाल्ये त्यांना."

 सुनंदा साखर विरघळवून घोट घोट पाजत बसली. वीसेक मिनिटांनी मी ताठ बसलो आणि त्याला म्हणालो, "आपण कोण?"

 जाताना रिक्षावाल्यानं सुनंदाला हळूच विचारलं, "वयनी, साखरेनं उतरते? आमच्या भावाला देऊन बघू?"

*

साखर उतरली की मी इंग्रजीत बोलतो, हा शोध सुलभाताईंचा. मला स्वतःला कधी पटला नाही. पण स्टाफरूमनं तो मान्य केला.

एकदा निकालपत्रकात चुका सापडल्या आणि मी खरोखरच भडकलो. "धिस इज शीअर निग्लिजन्स!" वाक्य संपायच्या आत सुलभाताई साखरेचा डबा आणि चमचा घेऊन हजर! मीटर लावलं. एकशे बासष्ट.

सुलभाताईंनी डब्याचं झाकण लावलं. "नाय, साखर बरी हाय. रागवा आता."

*

हा किस्सा स्टाफरूममध्ये कोणी सांगत नाही.

ऑफिसात माझी मान कलली होती. सुलभाताई ग्लास घेऊन आल्या आणि मी त्यांना जोरात ढकललं. त्या कपाटावर आदळल्या. बांगडी फुटून काच मनगटात घुसली. मला यातलं काहीही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा त्या एका हातानं मला पाणी पाजत होत्या, दुसऱ्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले. मान वर करवेना.

"त्ये तुमी नव्हता, सर," एवढंच म्हणाल्या.

मग कोण होतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

*

आणि हा सुनंदानं सांगितलेला.

ती बहिणीकडे पनवेलला गेली होती. रविवारी दुपारी तिनं फोन केला. "जेवलात का?"

"हो, आत्ताच. आईनं वाढलं."

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सुनंदानं ओळखलं, साखर उतरली. पण आवाज बदलू दिला नाही. बहिणीच्या फोनवरून शेजारच्या साळवीकाकूंना लावायला खुणेनं सांगितलं. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. आणि मला म्हणाली, "आई आहेत ना तिथे? मग त्यांना म्हणावं, साखर वाढा. पोटभर वाढा."

"आई, ही साखर वाढायला सांगत्येय," असं मी म्हणालो. मग फोन खाली पडल्याचा आवाज आला.

साळवीकाकू दार उघडून आत आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो होतो. साखरेचा डबा मांडीत, साखर शर्टभर, आणि तोंड भरलेलं. काकू सांगतात, मी वर बघत होतो, आणि हात आडवा धरून म्हणत होतो, "बस गं आई, पुरे आता."